सगळे डुवे काढा

माणूस जागेपणी कितीही मोठा असू दे, कलेक्टर असू दे नाहीतर साखर कारखान्याचा डायरेक्टर, झोपेत त्याचा एक पाय पांघरुणाबाहेर येतोच. हे मी कुठं वाचलेलं नाही. महाबळेश्वरच्या एका हॉटेलात सव्वीस वर्षं मी लोकांची अंथरुणं घातली आणि उचलली, त्यातनं शिकले. तुम्ही म्हणाल, बाई, खोल्यांत डोकावून बघत होता का? नाही हो! सकाळी पलंगाकडं बघितलं की रात्र कशी गेली ते कळतं. पांघरूण पायाशी गोळा झालेलं असलं की समजायचं, फार उकडलं. चादर, टॉवेल आणि अंगातला कोटसुद्धा पलंगावर सापडला की समजायचं, बिचारा कुडकुडला. आणि पांघरूण सगळं एकाच बाजूला असलं, तर नवरा-बायकोच्या भांडणात आपण पडायचं नाही, गुपचूप दुसरं आणून ठेवायचं.

आमच्या कोरेगावच्या वाचनालयातले सर म्हणाले, "शालनताई, आमच्या दिवाळी अंकाला तुमच्या कामावर लिहा." मी म्हटलं, "सर, फराळ झाल्यावर माणसं झोपतातच. मग झोपेवरच लिहिते, कुणाचं वाचायचं मधेच राहिलं तरी मला राग नाही."

मी कामाला लागले तेव्हा हॉटेलात कापसाच्या रजया होत्या, साताऱ्याच्या पिंजाऱ्याकडनं भरून आणलेल्या. थंडीत त्यांच्यासारखं सुख नाही. पण महाबळेश्वरचा पावसाळा म्हणजे ढग खिडकीतनं आत येतात आणि पलंगावर बसतात. कापूस स्वभावानं भोळा, येईल त्याला घरात घेतो. जुलैपर्यंत रजईचं वजन दुप्पट व्हायचं आणि वास असा सुटायचा, की एका गिऱ्हाइकानं खाली येऊन मला विचारलं, "बाई, ह्या खोलीत आधी म्हैस उतरली होती का?"

मग सावंत साहेब मॅनेजर म्हणून आले. चांगला माणूस, पण नवीन गोष्टींची लय हौस. त्यांनी चोवीस पांढऱ्याशुभ्र, फुगलेल्या रजया आणल्या, आम्हा बायकांना ओळीत उभं केलं आणि सांगितलं, "ह्याला रजई म्हणायचं नाही. डुवे म्हणायचं. स्पेलिंगमध्ये शेवटी टी आहे, पण तो सायलेंट आहे."

रविवारी घरी आल्यावर मी हे आमच्या फौजींना सांगितलं. फौजी म्हणजे माझे मिस्टर, सतरा वर्षं सैन्यात काढून आलेले. ते म्हणाले, "बोलायचाच न्हाई तर लिवला कशाला? आमच्यात जो सायलेंट ऱ्हायचा त्याला ग्राउंडाला चकरा मारायला लावायचे." फौजी बारा महिने एकाच मिलिटरी ब्लँकेटवर झोपायचे. हिवाळ्यात अंगावर, उन्हाळ्यात अंगाखाली. त्यांच्या मते डुवे म्हणजे आळशी माणसाचं पांघरूण.

आता डुवे म्हणजे काय ते सांगते. त्याचे दोन भाग. आत पिसांची नाहीतर फायबरची मऊ भरताड, आणि वर तिला खोळ. गिऱ्हाईक बदललं की खोळ धुवायची. आतल्या मालाला पाणी लावायचं नाही, फक्त ऊन दाखवायचं. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढचं सगळं रामायण ह्याच वाक्यावरनं घडलंय.

थंडीत पिसं घ्यावीत. वजनाला काही नाहीत, पण आत हवा धरून ठेवतात आणि ऊब त्या हवेची असते. पावसाळी गावात फायबर बरं, ते ओल धरत नाही. उन्हाळ्यात आतला माल काढून ठेवा आणि नुसती खोळ अंगावर घ्या, चादरीचं काम भागतं. विकत घेताना नुसता हात फिरवू नका. दुकानात सरळ अंगावर घ्या, लाज वाटली तर दुकानदाराला पाठ करायला सांगा. पलंगाच्या दोन्ही बाजूंना वीतभर तरी लोंबायला पाहिजे. आणि नवरा-बायकोला दोन घ्या. संसार एक असावा, पांघरूण दोन. माझी थर्मामीटरची युक्तीपण सांगून ठेवते. झोपेत एक पाय बाहेर आला तर पांघरूण बरोबर. दोन्ही आले तर जड. एकही आला नाही तर उठून खिडकी लावा.

डुवे आले आणि आमच्या हॉटेलात करमणूक सुरू झाली. एक रिटायर हेडमास्तर उतरले होते. सकाळी काउंटरला येऊन म्हणाले, "व्यवस्था उत्तम, पण तुमच्या पांघरुणात शिरायला फार कष्ट पडतात." मी खोलीत जाऊन बघते तर आतला डुवे घडी घालून खुर्चीवर ठेवलेला आणि गुरुजी रात्रभर खोळीत, पोत्यात शिरल्यासारखे! आतनं गुंड्यासुद्धा लावून घेतल्या होत्या. त्यांना खरं सांगायचा धीर मला झाला नाही. मी म्हटलं, "सर, पुढच्या वेळी मोठी देते."

एक मावशी शुद्ध शाकाहारी. रात्री मस्त झोपल्या, सकाळी मला म्हणाल्या, "इतकं हलकं! ह्यात भरलंय काय?" मी आपली कौतुकानं म्हणाले, "बदकाची पिसं." झालं! मावशी टुणकन पलंगावरनं खाली. अंघोळ केली, परत अंघोळ केली, आणि मला म्हणाल्या, "मला साधं ब्लँकेट दे." दिलं. तासाभरानं परत बोलावलं. "हे कशाचं?" मी म्हटलं, "लोकरीचं. पण मावशी, मेंढी जित्ती हाय, नुसती हजामत केलीय तिची." तेव्हा कुठं त्यांनी ते अंगावर घेतलं.

आणि सांगलीचं एक नवं जोडपं. लग्नाला दोन दिवस झालेले, त्यात सांगलीची हळद! सकाळी पांढरी खोळ पिवळी. माझ्या हाताखालच्या सुमननं तिला साबण लावला आणि बोंब ठोकली, "आक्का, रगात!" साबण लागला की हळद लाल होते, हे त्या पोरीला माहीत नव्हतं. मी खोळ नुसत्या पाण्यातनं काढली आणि त्या दिवशी नशिबानं ऊन होतं, त्यात टाकली. दोन उन्हात डाग नाहीसा. हळद साबणाला जुमानत नाही, पण उन्हाला भिते. ऊन म्हणजे आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना कारागीर. पावसाळ्यात तेवढा तो महाबळेश्वरात कामावर येत नाही.

आता ती गोष्ट, जी मी हॉटेलात बारा वर्षं लपवून ठेवली होती.

त्या साली हॉटेलला सुपरवायझर नेमायची होती. मालक मुंबईचे, त्यांना डिप्लोमावाली मुलगी पाहिजे होती. सावंत साहेबांनी माझ्यासाठी शब्द टाकला. मालक म्हणाले, "ऑगस्टच्या सुट्टीला पुण्याच्या कंपनीची चोवीस माणसं पाऊस बघायला येतायत. ती खूश होऊन गेली तर तुमची बाई, नाहीतर माझा डिप्लोमा." मला ती जागा का पाहिजे होती ते सांगते. माझी पोरगी बारावी पास झाली होती आणि तिला सांगलीला नर्सिंगला जायचं होतं. तिकडं तिच्या चुलत्यानं तिला एक स्थळ आणून ठेवलं होतं, बागायतदार. फौजी म्हणाले, "तू सुपरवायझर झालीस तर पोरगी सांगलीला. न्हाई झालीस तर मांडव." फौजी शब्दाचे पक्के, म्हणूनच मला धडकी भरली होती.

आमच्याकडं तेव्हा डुवे होते ते सगळे पिसांचे. पावसाळ्यात ते डांबराच्या गोळ्या घालून कपाटात बंद असायचे आणि गिऱ्हाइकांना ब्लँकेटं जायची. सोमवारी सावंत साहेब साताऱ्याला आणि तिथनं पुण्याला गेले, ते गुरुवारी पार्टीबरोबरच परत येणार होते. दुपारी त्यांचा फोन आला. बाहेर पाऊस असा की पत्र्यावर कुणी गहू ओततंय. मोबाइलला एक काडी रेंज, आणि साहेबांचा आवाज विहिरीतनं आल्यासारखा.

"शालनबाई, सगळे हुवे काहा."

"काय साहेब?"

"सगळे! हुवे! काहा! आजच!"

"सगळे धुवून काढा?"

"हो, हो!"

"साहेब, ह्या पावसात?"

"मग कधी?" आणि फोन बंद.

आता मला माहीत होतं की पिसांना पाणी लावत नाहीत. साहेबांनीच शिकवलं होतं. पण मी मनाशी म्हटलं, सगळे म्हणजे कपाटातले डुवेच, आणि मोठी पार्टी आहे, काहीतरी नवीन निघालं असेल. शिवाय जिला सुपरवायझर व्हायचंय तिनं साहेबाला सारखं सारखं 'काय' म्हणून विचारायचं नसतं, असं मला वाटलं. हीच माझी चूक. आज मी कुठल्याही नव्या पोरीला सांगते, बाई गं, दहादा विचार. येडं म्हटलं तरी चालंल.

मी आणि सुमननं चोवीसच्या चोवीस डुवे मशिनीत घातले. पहिला बाहेर काढला तेव्हा आमचं तोंड बघण्यासारखं झालं. एवढा मोठा फुगलेला डुवे, त्याचं झालं ओलं फडकं आणि आत पिसांचे गोळे. वास म्हणाल तर ओल्या कोंबडीचा. सुमन म्हणाली, "आक्का, ह्ये मेलं का काय?" पण हुकूम तो हुकूम, आम्ही सगळे धुतले.

शेवटची खेप निघत होती तेव्हा काउंटरवरचे शिंदे आले. "शालनबाई, साहेबांचा मेसेज आलाय. डुवे कपाटातनं काढून पलंगावर घातले का, विचारतायत."

मी म्हटलं, "काय काढले का?"

"डुवे. दुपारीच फोनवर सांगितलं म्हणे, सगळे डुवे काढा."

डुवे काढा! मी तिथंच ओल्या डुव्यांच्या ढिगावर बसले, आणि तो ढीग पचकन खाली गेला. शिंद्यांनी ढिगाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तोंड भिंतीकडं फिरवून उभे राहिले. "मी काय बघितलं न्हाई," म्हणाले. असा सज्जन माणूस.

सुकवायचं मशीन एकच, आणि त्याच संध्याकाळी वीज गेली. महाबळेश्वरात पावसात वीज गेली की ती पाहुण्यासारखी, कधी येईल ते विचारायचं नाही. व्हरांड्यात दोऱ्या बांधल्या तर डुवे सुकायच्या ऐवजी आणखी ओले व्हायला लागले. मला रडू यायला लागलं. डोळ्यांपुढं पोरीच्या हातातला हिरवा चुडा दिसत होता. आणि रडता रडता एकदम आठवलं. ऊन! मला ऊन कुठं मिळतं ते माहीत आहे की!

शेजारच्या गावच्या गणपतदाची पिकअप स्ट्रॉबेरी वाहायची. पावसाळ्यात ती नुसती उभी. मी म्हटलं, "गणपतदा, उजाडायला गाडी काढ. ह्या रजया उन्हात न्यायच्यात."

तो हसायलाच लागला. "आक्का, ऑगस्टात ऊन कुठलं?"

"वडूजला. माझ्या माहेरी. आमच्याकडं दुसरं काय पिकत न्हाई, ऊन मातूर बारमाही पिकतं."

मंगळवारी उजाडायला निघालो. चोवीस ओले डुवे, त्यांच्या खोळी आणि वर ताडपत्री. पुढं गणपतदा, सुमन आणि मी. पसरणीचा घाट उतरून वाईला आलो तेव्हा पाऊस, साताऱ्यात भुरभुर, आणि कोरेगावात रस्ता कोरडा. तिथं चौकात चहाच्या टपरीवर नेमके आमचे फौजी! त्यांनी मला गाडीत बघितलं, मागचा ढीग बघितला.

"काय गं, कामावरनं काढलं व्हय?"

"न्हाई. काम घिऊन म्हायेरला चाललीय."

"पांघरुनं घिऊन? बाजल्याबी न्यायच्या हुत्या की!"

"आवं, तुमी चहा प्या," म्हटलं, आणि गाडी पुढं काढली.

माझं माहेर वडूजच्या अलीकडची वस्ती. दहा वाजता पोचलो तर ऊन कसं, लख्ख! ते बघून मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. सत्तरीतली माझी आई बाहेर आली. तिला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "पोरीचं शिक्षान हाय ना ह्याच्यावर? मग बसलीस काय, आंथर!" आणि स्वतःची जुनी लुगडी काढून बांधावर पसरली. बांधावर, बैलगाडीवर, कुंपणावर, वाळल्या गवताच्या गंजीवर, जिथं जागा मिळेल तिथं डुवे घातले.

अर्ध्या तासात गल्लीतल्या बायका यायला लागल्या. पण ह्या अशा गप्प का? डोक्यावर पदर, तोंडं पाडलेली. आमच्याकडं माणूस गेलं की त्याचं अंथरूण-पांघरूण धुऊन वाळत घालतात. इथं तर चोवीस, तीही पांढरी! शेजारची काकू माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाली, "शालन, येकदम चोवीस गं? बस उलाटली का काय?"

मी हसायला लागले, तर काकूला वाटलं धक्क्यानं डोकं फिरलं. खरं काय ते कळल्यावर मात्र सगळ्याजणी पदर खोचून कामाला लागल्या. ओल्या पिसांचे गोळे बोटांनी चुरून फोडायचे, डुवे दोघींनी धरून झटकायचा, पालटायचा, परत चुरायचा. नुसतं ऊन पुरत नाही, हात लागतात. त्या दिवशी आठ-दहा बायकांचे हात लागले आणि संध्याकाळपर्यंत डुवे जरा बाळसं धरायला लागले.

आईनं एक हातात घेऊन बघितला. "ह्याला वजनच न्हाई गं. आंगावर घेतलंय का इसरलंय, मानसाला कळायचं कसं? आपली वाकळ कशी, आंगावर पडली की कुनीतरी हात ठिवल्यागत वाटतं." मग खोळ बघितली. "आन ह्यात ह्ये घसरत न्हाई?"

"घसरतं की. रोज चार कोपरं धरून झटकून हात मोडत्यात."

आईनं आपल्या एका हिरव्या लुगड्याचा काठ फाडला आणि सुईदोरा घेऊन बसली. डुव्याच्या चारी कोपऱ्यांना नाड्या, खोळीच्या आतल्या कोपऱ्यांना नाड्या. बांधून टाकायचं, घसरायचा प्रश्नच नाही. पुढं मला कळलं, मोठ्या कंपन्या हेच करतात आणि त्याचं वेगळं नाव सांगतात. माझ्या आईनं ते गवताच्या गंजीला टेकून केलं होतं. दोन दिवसांत तिनं चोवीस डुव्यांना नाड्या लावल्या.

बुधवारी दुपारी सगळे डुवे जवळजवळ सुकले होते. फक्त मधला भाग दमट होता, अजून दोन तास पाहिजे होते. आणि तीनच्या सुमाराला पश्चिमेकडनं काळा ढग उठला.

तुम्हाला सांगते, त्या साली तिकडं पेरणीनंतर पाऊसच नव्हता. बाजरीनं माना टाकल्या होत्या. ढग बघून माणसं घरातनं बाहेर आली, उघड्यावर उभी राहिली. काकूनं हात जोडले. मीही जोडले. सगळी वस्ती म्हणत होती, ये बाबा, ये. मी एकटी म्हणत होते, आज नको, देवा, दोन तास थांब. वारं सुटलं, चार थेंब पडले, आणि मी ओरडले, "गणपतदा, ताडपत्री आण! आता काय करायचं ह्या पावसाला!"

आई गर्रकन वळली. "शाले! दोन म्हयनं आमी त्याची वाट बघतोय आन तू त्याला हाकलतीस व्हय?"

"आई, पोरीचं नर्सिंग हाय गं!"

आईनं आभाळाकडं बघितलं, बाजरीकडं बघितलं, मग डुव्यांकडं. म्हणाली, "त्याला येऊ दे. ह्यास्नी घरात घी." आणि स्वतः दोन उचलून धावली. आम्ही चोवीस डुवे दोन खणाच्या घरात कोंबले. दारातनं माणूस आत जाईना. काकू आत अडकली होती, तिचा नुसता आवाज येत होता, "मला काढा गं, मी ह्याच्यात बुडालीया!"

आणि पाऊस आलाच नाही. ते चार थेंब पडले तेवढेच. ढग डोंगराकडं सरकला आणि परत ऊन पडलं, तसंच लख्ख. माणसं एकेक करून घरात गेली. मला आतनं बरं वाटलं होतं, आणि बरं वाटलं ह्याची इतकी लाज वाटली की मी बाजरीकडं बघू शकले नाही. डुवे परत बाहेर काढताना बायकांनी परत हात लावला, ह्याचं तर मला जास्तच लागलं. पंधरा दिवसांनी तिथं पाऊस झाला, बाजरी निम्मीशिम्मी हाताला आली. पण आई शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "त्या साली ढग आल्ता, पर आमच्या शालीच्या पांघरुनाला भिऊन गेला." सगळे हसायचे. मीही हसायचे, पण मला ते टोचायचं.

गुरुवारी दुपारी आम्ही वर पोचलो. डुवे असे फुगले होते की पिकअपला ताडपत्री पुरेना. खोळी घातल्या, आईच्या नाड्या आतनं बांधल्या, पलंग लावले. सहाला पार्टी आली, त्यांच्या मागं सावंत साहेब. ते पहिल्याच खोलीत गेले, पलंगावर बसले, डुव्यावरनं हात फिरवला आणि जरा बाजूला सरकून बसले. माझा जीव टांगणीला. मग म्हणाले, "छान." एवढंच.

दुसऱ्या दिवशी पार्टीतल्या एक बाई मला शोधत आल्या. "अहो, इतकी गाढ झोप कित्येक दिवसांत लागली नव्हती. आणि त्या पांघरुणाला कसला तरी छान वास येतोय. कुठला साबण वापरता?"

मी म्हटलं, "साबण नाही. ऊन आहे ते."

पार्टी खूश झाली, मी सुपरवायझर झाले, पोरगी सांगलीला गेली. फौजी स्वतः तिची पेटी घेऊन पोचवायला गेले. मी साहेबांना सांगून टाकलं की पिसांना वर्षातनं दोनदा वडूजचं ऊन पाहिजे. ते लगेच हो म्हणाले, मला तेव्हा जरा नवलच वाटलं. लेकी पंचमीला माहेरी जातात, तसे आमचे डुवे पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर माझ्या माहेरी जायला लागले. आई गाडी येताना दिसली की म्हणायची, "आली बाई पांढरी पाव्हनी."

गेल्या वर्षी मी रिटायर झाले. निरोप समारंभात सगळे माझी स्तुती करायला लागले. शालनबाईंनी अमुक पद्धत आणली, तमुक पद्धत आणली. मला ते ऐकवेना. मी उठले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "पद्धत कसली आलीय डोंबलाची! साहेब म्हणाले डुवे काढा, मी ऐकलं धुवून काढा. त्याच्यावर मी सुपरवायझर झाले. बारा वर्षं हे मनात ठेवलं, आता घरी जाताना न्यायचं नाही."

सावंत साहेबही आता रिटायर झालेले, मुद्दाम समारंभाला आले होते. ते उठले, खिशातनं एक काडेपेटी काढली आणि माझ्या हातात दिली. उघडली तर आत कापूस आणि कापसावर एक वाळलेलं कुसळ. गवताला टोकदार येतं ना, धोतरा-लुगड्यात घुसतं ते.

"त्या गुरुवारी मी पलंगावर बसलो आणि हे मला टोचलं," साहेब म्हणाले. "महाबळेश्वरच्या ह्या पावसात वाळकं कुसळ आलं कुठनं? म्हणून शिंद्यांना विचारलं, तर शिंदे भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. तेव्हाच समजलं, माल पाण्यात पडला आणि माळरानावर सुकून आलाय."

"मग साहेब, तुम्ही बोलला का नाहीत?"

"कसा बोलणार? त्या सोमवारी मी साताऱ्याला दाढ काढायला गेलो होतो. फोन केला तेव्हा निम्मं तोंड बधिर, आणि त्यात हा एवढा कापसाचा बोळा! मी काय बोललो ते माझं मलाच कळलं नव्हतं. निम्मी चूक माझ्या दाढेची होती, शालनबाई. मालकांना कळलं असतं तर तुमच्या आधी मी गेलो असतो."

बारा वर्षं! मी त्यांना भीत होते आणि ते मला. हॉटेल हसून हसून लोळलं. शिंदे तेवढे अजून भिंतीकडं बघत होते, सवयीनं.

हॉटेलनं आता नवे फायबरचे डुवे घेतलेत. जुन्यातला एक मला भेट म्हणून दिला. पोरगी सांगलीच्या दवाखान्यात सिस्टर आहे, ती म्हणाली, "आई, आता तू वापर." पण कपाटातनं काढायला माझा हात होईना. माझी आई जाऊन तीन वर्षं झाली.

गेल्या पौषात कोरेगावात थंडी अशी पडली की भर दुपारी अंगणात बसवेना. मी डुवे काढला. खोळ बदलायला उलटी केली, तर चारी कोपऱ्यांत हिरव्या काठाच्या नाड्या, आईच्या हातच्या टाक्यांसकट. मी त्या नाड्या सोडल्या नाहीत. तीच जुनी खोळ राहू दिली आणि डुवे अंगावर घेऊन पडले. वजन नाही म्हणायची आई, पण त्या दुपारी कुणीतरी अंगावर हात ठेवल्यासारखं वाटलं.

थोड्या वेळानं फौजी आत आले. मिलिटरी ब्लँकेट खांद्यावर, दात वाजत होते. उभे राहून बघितलं, खाकरले. "बघू जरा, कसं काय आसतं त्ये," म्हणाले आणि दुसऱ्या बाजूनं आत शिरले. आयुष्यभर ज्याला आळशाचं पांघरूण म्हटलं, ते त्यांनी गळ्यापर्यंत ओढून घेतलं. पाचच मिनिटांत त्यांचा एक पाय बाहेर आला. मी मनात म्हटलं, बरोबर आहे.

तेवढ्यात ते दचकून उठले. "आगं, कायतरी टोचतंय ह्याच्यात!"

मी डोळे मिटूनच म्हटलं, "माहेर हाय ते माझं. गप पडा."